कांदा-लसूण चटणीचे छोटे घाणे : मार्च ते ऑक्टोबर २०२५ च्या नोंदी

९ मार्च, रविवार

यंदा विक्रीची चटणी एकदम करायची नाही. दोन किलो मिरचीचा एक घाणा काढायचा, तो संपत आला की पुढचा. करणार मी आणि आत्या (माझ्या सासूबाई), कऱ्हाडला घरीच. नोंदी मोबाईलवर ठेवतेय कारण ओळखीतल्या दोघीतिघींनी विचारलंय की मसाला विकायला सुरू करायचा तर पहिल्यांदा किती करावा, आणि तोंडी सांगताना मी प्रत्येकीला वेगळंच काहीतरी सांगते.

गेल्या साली काय झालं ते आधी. बारा किलो मिरचीचा एकदम केला, तयार माल २६ किलो भरला. उन्हाळ्यात नातेवाईक आणि कॉलनीतल्या लोकांनी झपाट्यानं नेला, मग पाऊस लागल्यावर विक्री बसली. गणपतीपर्यंत रंग उतरून विटकरी झाला आणि दिवाळीच्या टायमाला पुडी उघडली की आधी खोबऱ्याचा खवट वास, मग मसाल्याचा. सात किलो उरला, तो विकलाच नाही. सातशे रुपये किलोचा भाव धरला तर जवळपास पाच हजार रुपये गेले, आणि हे मला मार्चमध्येच कळायला हवं होतं कारण तीळ-खोबरं कुटल्यावर वर्षभर टिकत नाही हे घरातल्या कुठल्याही बाईला माहीत असतं.

अख्खी मिरची मात्र नीट ठेवली तर वर्ष काढते. म्हणून यंदाचा बेत असा, मिरची सगळी आत्ताच घ्यायची, सीझनच्या भावात, पण कुटायची थोडी थोडी.

१६ मार्च

मिरची आणली. ब्याडगी १२ किलो, संकेश्वरी ६, लवंगी २. सरासरी ३०० रुपये किलो, म्हणजे सहा हजार. यंदा मिरचीचे भाव उतरलेत. ज्यांनी कोल्ड स्टोरेजला माल ठेवला होता ते आता काढतायत, त्यामुळं बाजारात जुनी मिरची नवी म्हणून भरपूर येतेय, तेवढं बघून घ्या. नवी मिरची चमकते, देठ पिवळसर-हिरवट असतं. जुनीचं देठ काळपट आणि अंगाला एक मेणचट मंदपणा येतो.

वजन वाढवायला पाणी मारलेली मिरची ओळखायची सोपी पद्धत म्हणजे मूठभर घेऊन दाबायची. वाळलेली असेल तर कुरकुरते आणि हलवली की आतलं बी वाजतं, ओली असेल तर चामड्यासारखी नुसती दबून राहते. आम्ही पहिल्या दुकानातून तशीच परत आलो. ब्याडगीत पण दोन प्रकार, कड्डी आणि डब्बी. कड्डी लांब, सुरकुतलेली. डब्बी बुटकी, फुगीर. आम्हाला रंगासाठी हवी होती, कड्डी घेतली. ब्याडगी म्हणजे खरंतर हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी बाजारची, २०११ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय तिला, पण आपल्याकडं जी सुरकुतलेली लाल मिरची दिसेल ती ब्याडगी म्हणूनच विकतात. संकेश्वरी गडहिंग्लज बाजारातली, ती ह्यांच्या मित्राकडनं मागवली.

स्लॅबवर कडक ऊन देऊन, देठासकटच, पत्र्याच्या डब्यात आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून भरली, मध्ये मध्ये खडा हिंग. देठं आत्ता काढायची नाहीत, देठ काढलं की तोंड उघडं पडतं आणि किडा तिथनंच शिरतो. कुटायच्या आदल्या दिवशी काढायची.

३० मार्च, पाडवा

पहिला घाणा. मोजमाप देतेय, कुणाला करायचा असेल तर.

मिरची २ किलो (ब्याडगी १२००, संकेश्वरी ६००, लवंगी २०० ग्रॅम), धने अर्धा किलो, सुकं खोबरं अर्धा किलो, तीळ पाव किलो, जिरे १००, सोललेला लसूण अर्धा किलो, कांदा एक किलो, आलं १००, खडा मसाला सगळा मिळून १५० ग्रॅम (लवंग, मिरी, दालचिनी, मसाला वेलदोडे, चक्रीफूल, दगडफूल, नाकेश्वर, जायपत्री, तमालपत्र, शहाजिरे), हळकुंड, हिंग, मीठ ३५० ग्रॅम, तेल ३०० मिली.

सामानाला १३०० रुपये. त्यात खोबरंच दीडशेचं, यंदा खोबरं पेटलंय अगदी. डंखावर (मसाला कुटायच्या मशीनवर) कुटायला ५० रुपये किलो. तयार माल सव्वाचार किलो, २०० ग्रॅमच्या २१ पुड्या. पाऊच, लेबल आणि गॅस धरून एक पुडी ८२ रुपयाला पडली. विकायची दीडशेला. आमची मजुरी यात धरलेली नाही, त्याचं पुढं लिहिते.

छोट्या घाण्याची पहिली अडचण डंखावरच आली. डंखाच्या उखळात आधीच्या माणसाचा मसाला कडेला चिकटलेला असतो, पाव किलो तरी. २६ किलोत तो कुठं जातो कळत पण नाही, पण सव्वाचार किलोत तो जाणवतो, आणि आमच्या आधी कुणीतरी मालवणी मसाला कुटून गेलं होतं, त्याच्या बडिशेपेचा वास आमच्या चटणीला लागला. डंखवाल्या मामांना विचारलं तर म्हणले, "एवढ्याशासाठी उखळ कोण धुतंय, सकाळी पहिला नंबर लावा." मग तेच. आता सकाळी साताला पहिला नंबर, आणि वर घरनं मूठभर खडेमीठ आणि थोडे धने नेऊन ते आधी कुटून बाजूला काढायचे. ते धने घरी आमटीला.

६ एप्रिल

पहिल्या घाण्यातल्या पुड्या मुद्दाम वेगवेगळ्या घरी दिल्या, ओळखीच्या पण तोंडावर खरं बोलणाऱ्या. निकाल : तिखट जास्त, रंग कमी, आणि तिघांनी सांगितलं की रस्सा केला की तर्री वर येत नाही. बडिशेप मात्र कुणी काढली नाही.

गेल्या साली पण लोक हेच म्हणत होते. पण तेव्हा २६ किलो कुटून बसला होता, ऐकून करणार काय, "हो का, पुढच्या वर्षी बघू" म्हणायचं. आता पुढचं वर्ष पुढच्या आठवड्यात. लवंगी २०० वरून १०० वर, ब्याडगी १३००. तर्रीसाठी तेल वाढवायचं नाही, ब्याडगी थोड्या तेलावर मंद आचेवर परतून घ्यायची, नुसती उन्हात कडक केलेली नाही. आत्यांचं म्हणणं होतं की खसखस घाला म्हणजे दाटपणा येईल. खसखशीचा भाव बघून तो विषय तिथंच संपला.

१३ एप्रिल

दुसरा घाणा. रंग एकदम फर्मास. पण दोन दिवसात पुड्यांमध्ये गोळे झाले.

१७ एप्रिल

गोळ्यांचं कारण सापडलं, कांदा. पहिल्या वेळी कांदा आत्यांनी चिरला होता, बारीक, आणि चांगला तीन उन्हं दिली होती. या वेळी मी चिरला, जाडसर, आणि वरनं कडक दिसला म्हणून दोन उन्हात उचलला आणि तळला. तळताना वरनं लाल झाला, आत ओल राहिली. गरम असताना कळत नाही, कुटताना पण कळत नाही, पुडीत बंद झाल्यावर ती ओल मिठात उतरते आणि मसाला ढेकळासारखा होतो. अजून आठवडाभर गेला असता तर बुरशी.

उपाय वजनाचा. कांद्यात निम्म्यापेक्षा किती जास्त पाणीच असतं, किलोभर चिरलेला कांदा खरा वाळला की दीडशे ग्रॅमच्या आत येतो. आता बोटानं दाबून बघायचं सोडलं, सरळ काट्यावर ठेवायचा, १५० च्या वर असेल तर परत उन्हात. लसणाचं पण तसंच, पातळ काप करून वाळवायचा, अर्धा किलोचा दोनशेच्या आसपास आला पाहिजे. कोथिंबीर घालायचीच नाही, तेवढी ओल कोण सांभाळणार.

गोळे झालेल्या पुड्यांपैकी सहाच बाहेर गेल्या होत्या, त्या परत आणल्या. सगळा माल परत उन्हात पसरला, परत चाळला, तो घरी आणि आत्यांच्या बहिणीकडं. हजार-बाराशेचा फटका. हाच कांदा बारा किलोच्या लॉटला झाला असता तर काय, हे दिवसभर डोक्यात होतं.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

पॅकिंगबद्दल. छापील पाऊच करायचे होते, चौकशी केली तर डिझाईनच्या छपाईच्या सिलिंडरचे पैसे वेगळे आणि ऑर्डर हजारोंच्या खाली कुणी घेईना. साधे झिप असलेले उभे पाऊच शंभरच्या पटीत मिळतात, साडेचार रुपयाला एक, त्यावर स्टिकर अडीच रुपये. दिसायला छापीलसारखं नाही, पण एक फायदा असा की स्टिकर शंभरच छापलेले असतात. पहिल्या स्टिकरवर घटकांमध्ये तीळ राहून गेले होते. उरलेले ऐंशी फेकले, दोनशे रुपये. छापील पाऊचवर हे झालं असतं तर वर्षभर तेच विकत बसलो असतो, नाहीतर पेनानं तीळ लिहित बसलो असतो प्रत्येकावर.

विचारणाऱ्या सगळ्यांसाठी : एफएसएसएआयचं (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं) बेसिक रजिस्ट्रेशन ऑनलाईन होतं, २०२५ साली वर्षाला १०० रुपये होते आणि बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला तेवढं चालत होतं. एजंट हजार-दोन हजार मागतात, गरज नाही. लेबलवर तो १४ आकडी नंबर, हिरवा ठिपका, घटक जास्तीपासून कमीकडं, निव्वळ वजन, सर्व करांसहित किंमत, नाव-पत्ता-फोन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरायचं ते, आणि बॅच नंबर. बॅच नंबर लोक उगाच भरायचा म्हणून काहीतरी भरतात. तो खरा भरा. आमचा साधा, घाण्याचा नंबर आणि महिना, रबरी शिक्क्यानं. वहीत त्या नंबरासमोर मिरची कुठल्या डब्यातली, खोबरं कुठल्या दुकानाचं, कांद्याचं वजन, कुणी भाजलं, कुणाला किती पुड्या गेल्या. दहा मिनिटांचं काम. पाऊच सील करायचं छोटं मशीन हजार-बाराशेत आलं.

शिवाय प्रत्येक घाण्यातली ५० ग्रॅम काचेच्या बाटलीत भरून कपाटात ठेवायची, नंबर टाकून. ही आयडिया ह्यांची, ते कारखान्यात क्वालिटीला आहेत.

२७ मे

पाऊस. मे महिन्याच्या विसाव्यापासूनच झोडपतोय, काल तर मान्सून मुंबईपर्यंत पोचला, इतक्या लवकर तिथं आजपर्यंत कधी आला नव्हता म्हणे. आमच्या गल्लीत ज्यांनी शाळेला सुट्टी लागल्यावर मे मध्ये निवांत चटणी करू म्हणून ठेवलं होतं त्यांच्या मिरच्या घरात पंख्याखाली पसरल्यात. आमची मिरची मार्चमध्येच वाळून डब्यात गेली ते बरं झालं.

पण कांदा अडकला. ऊन नाही तर कांदा वाळणार कसा. तयार तळलेला कांदा मिळतो बिर्याणीवाल्यांचा, तो आणून बघितला, त्याला पामतेलाचा वास, आणि घाण्यात घातला की तोच वास पुढं येतो, आत्यांनी हातात घेऊनच नको म्हटलं. मग कढईत मंद आचेवर दोन-अडीच तास परतत बसायचं, दोघींनी आळीपाळीनं. गॅस जास्त, वेळ जास्त. काट्यावर वजन उतरलं पण एक घाणा पूर्ण आठवडा लांबला आणि त्या आठवड्यात तीन गिऱ्हाईकं दुसरीकडं गेली.

यातनं एक गोष्ट नक्की केली. एप्रिलमध्ये ऊन फुकट असतं तेव्हा सहा-सात घाण्यांचा कांदा आणि लसूण एकदमच वाळवून बरणीत भरायला हवा होता, मिरचीसारखाच. वाळवलेला कांदा टिकतो. छोटं करायचं म्हणजे सगळंच छोटं करायचं असं डोक्यात बसलं होतं आमच्या, ते काही खरं नाही. वाळवण मोठं चालेल, एकत्र कुटणं छोटं पाहिजे, कारण बिघडायला सुरुवात तिथनं होते.

२२ जून

तक्रार आली. पाटणला पुडी गेली होती, फोनवर ताई म्हणाल्या, "चव चांगली आहे हो, पण मागनं तेलकट वास येतोय जुना." पुडीवरचा नंबर विचारला. वही काढली. त्या घाण्याला खोबरं नेहमीच्या दुकानचं नव्हतं, तिथं संपलं होतं म्हणून दुसरीकडनं घेतलं होतं, तेही किसलेलं. कपाटातली त्या नंबरची बाटली उघडली, तोच वास. आधीच्या आणि नंतरच्या घाण्यांच्या बाटल्या उघडल्या, त्यात नाही.

म्हणजे गडबड त्या एकाच घाण्यात. पुड्या कुणाकुणाकडं गेल्यात ते वहीत होतंच, सगळ्यांना आपणहून फोन केले, ज्यांच्याकडं पुडी शिल्लक होती त्यांना बदलून दिली. दोघांनी सांगितलं की आम्हाला तर काही वास आला नाही, संपवली पण. खर्च सातशेच्या आसपास. दिवाळीला उघडून खवट निघालेल्या गेल्या सालच्या मालात नेमकं काय बिघडलं होतं, खोबरं की तीळ की नुसता काळ, हे मला आजही सांगता येणार नाही, कारण सगळं एकाच पिंपात होतं.

खोबरं घेताना आता अख्खी वाटीच घ्यायची. दुकानातच एक फोडायची, आतनं पांढरी पाहिजे, पिवळी पडलेली नको, तुकडा चावून बघायचा. खवटपणा जिभेच्या मागं कळतो, लगेच नाही, थोडं थांबा. किसलेलं स्वस्त पडतं आणि वेळ वाचतो पण ते किती दिवसांपूर्वी किसलंय कोण सांगणार. आणि भाजल्यावर पूर्ण गार झाल्याशिवाय कुटायला न्यायचं नाही.

६ जुलै, आषाढी

आज उपास, कढई बंद. मजुरीचा हिशोब मांडायला बसले.

एका घाण्याला दोघींचे मिळून चौदा तास जातात. देठं काढणं, लसूण सोलणं (अर्धा किलोला एक तास, कितीही हात चालवा), भाजणं, डंख, चाळणं, भरणं, आणि सगळ्यात शेवटी ती भांडी. एका घाण्यात सगळा खर्च जाऊन १४०० रुपये सुटतात. म्हणजे तासाला शंभर. गेल्या साली मोठ्या लॉटला वेळ खूप कमी लागला होता किलोमागं, हे मान्य केलं पाहिजे. छोट्या घाण्याचे गोडवे गाणारे हा भाग कधी सांगत नाहीत. कढई दोन किलोसाठी घासा की चारसाठी, घासायला लागतं तेवढंच. डंखावर जायची रिक्षा तेवढीच. आणि पावसाळ्यात मामा डंख आठवड्यातनं दोनच दिवस चालू ठेवतात, तो वार चुकला की आठवडा गेला.

म्हणून घाणा किती मोठा करता येईल ते बघायचं ठरवलं. चार किलोचा करून बघितला. दोन गोष्टी झाल्या. आमच्या कढईत एका वेळी अर्धा किलोच्या वर मिरची बसते खरी पण हलत नाही, खालची करपते आणि वरची तशीच राहते, आणि करपलेली एक मूठ सगळ्या घाण्याला कडू करते. बरं थोडी थोडी भाजायची तर गॅसपुढं उभं राहून दुपारनंतर आत्यांचं लक्ष उडतं, माझं तर त्याआधीच. दुसरं, डंखात माल जास्त वेळ कुटला जातो, चांगला चटका बसेल इतका गरम निघतो, तो रात्रभर सुती कापडावर पसरून गार करायला लागतो आणि आमच्याकडं तेवढी जागा नाही. गरम भरला की पाऊचला आतनं घाम येतो.

तीन किलो बरोबर बसतं. पुड्या ३२ निघतात, वेळ चौदाच्या जागी साधारण सोळा-सतरा तास, सुटतात सव्वादोन हजार. तासाला १३५ च्या पुढं. आणि तेवढ्या पुड्या तीन आठवड्यांत जातात, म्हणजे कुठलीच पुडी आमच्याकडं महिन्याच्या वर पडून राहत नाही. तुमची कढई मोठी असेल, हाताखाली माणूस असेल तर तुमचा आकडा वेगळा येईल. आमचा घाणा कढईनं आणि गिऱ्हाइकांनी मिळून ठरवला, मी नाही.

१७ जुलै

तीन किलोचा पहिला घाणा नीट झाला. विशेष काही नाही. लसूण बाहेरनं सोललेला आणला होता, तो ओला निघाला, परत सोलत बसलो.

१० ऑगस्ट

एका मेसवाल्यांचा फोन, गणपतीच्या आधी १५ किलो एकदम पाहिजे, ५२० रुपये किलोनं. आत्यांचे डोळे लकाकले. कागदावर मांडलं. पाऊच-लेबल नाही, किलोमागं खर्च ३६०-३६५ पर्यंत खाली येतो, म्हणजे १५ किलोत तेवीसशेच्या आसपास सुटतात, आणि त्यासाठी दोन मोठे नाहीतर चार छोटे घाणे, शिवाय डब्यातली सात किलो मिरची त्यातच जाणार. ती गेली की दिवाळीच्या गिऱ्हाइकांना काय देऊ, आत्ता बाजारात जी मिरची आहे ती पावसाची हवा खाल्लेली.

मी त्यांना म्हटलं, दर आठवड्याला तीन किलो देते, ताजा, भाव तोच. त्यांना ते पटायला हवं होतं खरंतर, त्यांच्याकडं पण डब्यात पडून खराबच होणार. पण त्यांना गणपतीच्या आधी सगळं खरेदीचं आवरून टाकायचं होतं, म्हणाले एकदम देणारी माणसं खूप आहेत. आहेत, खरं आहे. आत्या दोन दिवस माझ्याशी तुटक बोलल्या. माझं मत अजून तेच आहे, पण त्या महिन्याचा लाइटबिलाचा आकडा बघताना ते तेवढं ठाम नव्हतं.

पैशाचं एक बरं झालं यंदा. गेल्या साली मार्चमध्येच सगळं सामान, कुटाई, पाऊच मिळून कितीतरी हजार एकदम अडकले होते, ह्यांच्या पगारातनं उचललेले. यंदा मिरचीचे सहा हजार सोडले तर दोन-अडीच हजारावरच गाडी चालली, एका घाण्याचे पैसे आले की त्यातच पुढचा. पीएमएफएमई नावाच्या केंद्राच्या योजनेत (छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची) यंदा, २०२५ ला, मशीनसाठी ३५ टक्के सबसिडीवर कर्ज मिळतं, तिचा फॉर्म आणून ठेवलाय. स्वतःचा छोटा डंख घेतला तर पहिल्या नंबरची कटकट जाईल. पण सबसिडी ३५ टक्के म्हणजे उरलेला हप्ता आपणच भरायचा, आणि हप्ता चालू झाला की मशीनला काम पाहिजे म्हणून आपण परत मोठमोठे लॉट कुटायला लागणार. फॉर्म अजून कपाटावरच.

२८ ऑगस्ट

काल गणपती बसले. या आठवड्यात एकाच घरातनं दोन वेगळ्या मागण्या, सासूला झणझणीत, सुनेला मुलांना चालेल असा कमी तिखट. तीन किलोच्या घाण्याचं सगळं वाटण-भाजण एकच केलं, मिरची तेवढी दोन भागांत वेगळी भाजली, एका भागात लवंगी-संकेश्वरी जास्त, दुसऱ्यात जवळजवळ नुसती ब्याडगी. डंखावर आधी कमी तिखट कुटायचा, मग तिखट, म्हणजे उखळात राहिलेल्याचा त्रास नाही. मामांनी दोन घाण्यांचे पैसे लावले, वीस रुपये जास्त. कमी तिखटच्या पुड्या आधी संपल्या, हे मला वाटलं नव्हतं. आत्यांना तर अजून पटत नाही, त्यांच्या मते त्याला चटणी म्हणूच नये.

५ ऑक्टोबर

दिवाळीच्या आधीचा घाणा उद्या. आज कपाटातल्या बाटल्या सगळ्या ओळीनं पांढऱ्या कागदावर मांडल्या. पाडव्याची बाटली विटकरी झालीय, वास गेलेला नाही पण दबलाय, खवटपणाची किंचित सुरुवात. मे महिन्याची अजून बरी. जुलैनंतरच्या सगळ्या लाल. एक बाटली चुकून किचनच्या खिडकीत राहिली होती, ऑगस्टचीच, ती पाडव्याच्या बाटलीइतकी उतरलीय, म्हणून पारदर्शक पाऊचऐवजी आता मागनं-पुढनं चंदेरी असलेले घेतेय, दीड रुपया जास्त. लेबलवर आम्ही सहा महिने टाकत होतो, ते चारवर आणलं.

डब्यातली मिरची काढली तर ब्याडगी एकदम ठणठणीत. संकेश्वरीच्या पिशवीत वरच्या थराला जाळी आणि टोके (बारीक किडे) दिसले, पिशवीचं तोंड नीट बांधलं नव्हतं, मागच्या वेळी शेवटची मीच काढली होती. पाऊण किलो टाकून दिली, उरलेली निवडून, ऊन देऊन घेतली. उद्याच्या घाण्याला संकेश्वरी कमी पडतेय तीनशे ग्रॅम, ती लवंगीनं भरून काढायची की घाणाच अडीच किलोचा करायचा यावर आत्या आणि माझं अजून ठरत नाहीये. कांदा काट्यावर ठेवलाय, १६० ग्रॅम दाखवतोय. ढग नाहीत, सकाळी अजून एक ऊन देते.